पदवी नसलेला प्राध्यापक : जॉर्ज बूल

आजच्या काळात संगणकाचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळाच. बँकेत, रेल्वेच्या तिकीटखिडकीवर, तलाठ्याच्या कचेरीत, एवढेच काय, आपल्या खिशातील मोबाईलमध्येही तो जाऊन बसला आहे. परंतु हे यंत्र ज्या गणितावर चालते, ते गणित रचणाऱ्या गृहस्थांनी असले यंत्र कधी पाहिले नाही आणि विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरीही ते कधी चढले नाहीत. जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेले, मागून आणलेल्या पुस्तकांवर शिकलेले आणि पदवी नसताना प्राध्यापक झालेले हे गृहस्थ म्हणजे जॉर्ज बूल. त्यांच्या जीवनाचा परिचय माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना करून द्यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

बूल यांची ओळख मला दोन वाटांनी झाली. पहिली वाट आपल्या तर्कशास्त्राच्या तासाची. ॲरिस्टॉटलची अनुमाने शिकवून झाल्यावर सरांनी फळ्यावर हे नाव लिहिले होते. दुसरी वाट विनामूल्य अभ्यासक्रमांची. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांची टिपणे आणि स्वाध्याय सर्व जगाला फुकट खुले करण्याचे २००१ मध्ये जाहीर केले. आपल्या देशात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा तशाच प्रकारचा उपक्रम उभारला. नोम निसान आणि शिमॉन शॉकेन या दोन प्राध्यापकांनी तर एकाच प्रकारच्या इवल्याशा तर्कजोडणीपासून आरंभ करून सबंध संगणक पायरीपायरीने कसा बांधावा, याचा पाठच तयार करून ठेवला आहे. या जोडणीला नँड गेट म्हणतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. अभियांत्रिकीचे शुल्क आमच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून मी कला शाखेत आले आणि येथे मला आनंदही आहे. परंतु यंत्राच्या पोटात काय चालते हे जाणण्याची इच्छा शाखा बदलल्याने जात नाही. म्हणून गेले वर्षभर मी हा पाठ मोबाईलवर शिकत आहे. त्याच्या पहिल्याच प्रकरणात तर्कशास्त्राच्या तासाला भेटलेले बूल पुन्हा समोर उभे राहिले. तेव्हापासून या मनुष्याचे चरित्र मिळेल तेथून वाचण्याचा मला नाद लागला.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडच्या पूर्व भागातील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल जोडे शिवीत. पण त्यांचे चित्त चामड्यापेक्षा भिंगांत अधिक रमे. त्यांनी घरी दुर्बीण तयार केली आणि ज्याला परमेश्वराची करणी पाहावयाची असेल त्याने खुशाल आत यावे, अशी पाटी दुकानात लावली. गिऱ्हाईक जोड्यांसाठी येई आणि चंद्र पाहून जाई! असल्या दुकानाची भरभराट होणे कठीणच होते. मात्र या व्यवहारशून्य बापाने मुलाला गणिताची आणि यंत्रांची गोडी लावली, हे ऋण फार मोठे आहे.

जॉर्जचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. लॅटिन शिकण्याची त्याला हौस होती. गावातील एका पुस्तकविक्रेत्याने त्याला आरंभीचे धडे दिले. पुढे ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन या भाषा तो आपल्या आपण शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले आणि वडिलांनी ते कौतुकाने गावच्या वर्तमानपत्रात छापून आणले. तेव्हा एका शिक्षकाने जाहीर शंका घेतली की, एवढ्याशा पोराला हे जमणेच शक्य नाही. जोडे शिवणाऱ्याच्या मुलाला ग्रीक येते, हे त्या काळी सहज पचणारे नव्हते. आजही अशा शंका निराळ्या शब्दांत घेतल्या जातात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

पुढे वडिलांचा धंदा बसला. सोळाव्या वर्षी जॉर्जला डॉनकास्टर येथील शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरावी लागली. आईवडील आणि तीन भावंडे यांचा भार या मुलावर आला. दिवसा शिकवावे आणि उरलेल्या वेळात शिकावे, असा क्रम सुरू झाला. गणिताकडे ते वळले त्यामागे काटकसरही होती, असे सांगतात. कथाकादंबरीचे पुस्तक दोन दिवसांत संपते. गणिताचे एक पुस्तक महिनोन् महिने पुरते, तेव्हा पैसे वसूल! लाक्रवा या फ्रेंच गणितज्ञाचा कलनावरील ग्रंथ त्यांना लिंकनमधील एका धर्मोपदेशकाकडून मिळाला. तो त्यांनी एकट्याने, कोणाच्याही मार्गदर्शनावाचून वाचून काढला.

१८३४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बूल यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. त्याच सुमारास गावात एक नवी संस्था उभी राहिली होती. कारागीर व कामगार यांना अल्प वर्गणीत विज्ञानाची पुस्तके व व्याख्याने मिळावीत म्हणून इंग्लंडभर मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट नावाच्या संस्था निघत होत्या. त्यांपैकी लिंकनची संस्था १८३३ ची. जॉन बूल तिच्या ग्रंथसंग्रहाची व्यवस्था पाहत. सर एडवर्ड ब्रोमहेड या तेथील जमीनदाराने तिला आश्रय दिला आणि आपल्याजवळील उच्च गणिताचे ग्रंथ तरुण बूलला वाचावयास दिले. नॉटिंगहॅमचे पिठाच्या गिरणीवाले जॉर्ज ग्रीन हे पुढे मोठे गणितज्ञ ठरले. त्यांनाही याच ब्रोमहेडांनी हात दिला होता. न्यूटन, लाग्रांज, लाप्लास यांचे ग्रंथ बूल यांच्या हाती आले ते असे. १८३५ च्या फेब्रुवारीत संस्थेला न्यूटनचा अर्धपुतळा भेट मिळाला, तेव्हा न्यूटनच्या कार्यावर भाषण करण्याचा मान या एकोणीस वर्षांच्या शिक्षकाला देण्यात आला. ते भाषण पुढे छापलेही गेले.

आजच्या विनामूल्य अभ्यासक्रमांचे पूर्वज मला या संस्थांत दिसतात. त्या काळी कारागिराला कपाटातले पुस्तक मिळाले, आज आपल्याला एमआयटीचे टिपण मोबाईलवर मिळते. दोहोंतील विचार एकच, की ज्ञानाच्या दारावर शुल्काची पावती मागू नये.

बूल यांचे पहिले संशोधनलेख केंब्रिजच्या एका नव्या गणितविषयक नियतकालिकात १८४० च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले. त्याचे संपादक डंकन ग्रेगरी हे तरुण विद्वान होते. अनोळखी शाळामास्तराचे लेख त्यांनी बाजूला टाकले नाहीत. लेखनपद्धतीतील उणिवा दाखवून ते सुधारून घेतले. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी असा विचार बूल यांच्या मनात येऊन गेला. पण तेथील खर्च मोठा आणि शाळा बंद केली तर आईवडिलांनी खावे काय? त्यांनी तो विचार सोडला. पदवीचा मार्ग असा बंद झाला तरी लेखणी थांबली नाही. १८४४ मध्ये त्यांच्या एका दीर्घ निबंधासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

१८४७ मध्ये तर्कशास्त्राचे गणित मांडणारी त्यांची छोटी पुस्तिका निघाली आणि १८५४ मध्ये विचाराच्या नियमांचा शोध घेणारा त्यांचा मोठा ग्रंथ. त्यातील मूळ कल्पना आपल्या महाविद्यालयाच्याच उदाहरणाने सांगते. क्ष म्हणजे येथील सर्व मुली आणि य म्हणजे वसतिगृहात राहणारे सर्व विद्यार्थी, असे धरू. क्ष आणि य यांचा गुणाकार म्हणजे दोन्ही अटींत बसणारे, अर्थात वसतिगृहातील मुली. आता क्षला क्षनेच गुणले तर काय येईल? मुलींमधून मुली निवडल्या तर मुलीच उरणार; म्हणजे क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या अंकगणितात हे समीकरण फक्त दोन संख्यांना लागू पडते : ० आणि १. बूल यांनी १ म्हणजे सर्व आणि ० म्हणजे कोणीही नाही, असा अर्थ लावला. मग मुली नसलेले सर्व म्हणजे १ − क्ष, आणि क्ष × (१ − क्ष) = ०. म्हणजे मुलगी असणे आणि नसणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी एकाच वेळी संभवत नाहीत. ॲरिस्टॉटलचा जो नियम आपण तर्कशास्त्राच्या तासाला पाठ करतो, तो येथे दोन ओळींच्या बीजगणितातून निघाला! तर्कशास्त्राला सुमारे दोन हजार वर्षांनी मिळालेले हे नवे रूप होते.

त्याच वर्षी, म्हणजे १८४७ मध्ये, ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञांचा तर्कशास्त्रावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा. दिल्लीचे गणिती रामचंद्र यांचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. ते बूल यांचे स्नेही होते. बूल यांनी आयर्लंडमधील नव्या महाविद्यालयांत प्राध्यापकपदासाठी अर्ज केला, तेव्हा शिफारस करणाऱ्या विद्वानांत डी मॉर्गनही होते. निकाल लागायला तीन वर्षे गेली. तेवढ्या अवधीत, १८४८ च्या अखेरीस, वडील वारले. मुलगा प्राध्यापक झालेला पाहणे त्या दुर्बीणवेड्या बापाच्या नशिबी नव्हते. १८४९ मध्ये कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून बूल यांची नेमणूक झाली. त्यांच्या नावापुढे कोणतीही पदवी नव्हती. बटाट्याच्या पिकावरील रोगाने १८४५ पासून त्या देशात भीषण दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळाने होरपळलेल्या प्रदेशात हे महाविद्यालय उघडले होते.

कॉर्कमध्ये त्यांची मेरी एव्हरेस्ट हिच्याशी ओळख झाली आणि १८५५ मध्ये दोघांचा विवाह झाला. जगातील सर्वांत उंच शिखराला ज्यांचे इंग्रजी नाव दिले गेले, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे सख्खे काका. मेरीबाईंनी पुढे असे लिहिले की, आपल्या पतीच्या विचारांवर काकांच्या द्वारे आलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाची छाया होती. हे वाचून आपला ऊर अभिमानाने भरून येणे साहजिक आहे. पण १८४७ ची पुस्तिका या दोघांची भेट होण्यापूर्वीची आहे, हे ध्यानात घेता मला या गोष्टीचा फार गाजावाजा करावासा वाटत नाही.

१८६४ च्या नोव्हेंबर महिन्यात बूल नेहमीप्रमाणे घरापासून दोन-तीन मैल चालत महाविद्यालयात निघाले. वाटेत मुसळधार पाऊस लागला. ओल्या कपड्यांनिशी त्यांनी तास घेतला. त्यातून न्यूमोनिया जडला आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मागे पत्नी आणि पाच लहान मुली उरल्या. मेरीबाईंनी लंडनमधील मुलींच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाची नोकरी धरून संसार सावरला. पाच मुलींपैकी ॲलिशिया विद्यापीठात न जाता लाकडी ठोकळ्यांच्या साहाय्याने चतुर्मितीय भूमिती शिकली. तिला १९१४ मध्ये हॉलंडच्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली, तर एथेल लिलियन कादंबरीकार म्हणून गाजली.

बूल यांचे बीजगणित मात्र बराच काळ तर्कशास्त्रज्ञांपुरतेच राहिले. मग क्लॉड शॅनन नावाचा एक अमेरिकन तरुण आला. मिशिगन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि गणित शिकत असताना त्याने तत्त्वज्ञानाचा एक वर्ग घेतला आणि तेथे त्याला बूल यांचे तर्कशास्त्र भेटले. १९३७ मध्ये एमआयटीत लिहिलेल्या प्रबंधात त्याने दाखवून दिले की, टेलिफोनच्या यंत्रणेत वापरतात त्या रिलेंची जोडणी बूल यांच्या समीकरणांनी मांडता येते : प्रवाह चालू आणि बंद या दोन अवस्था १ आणि ० या दोन चिन्हांनी. कला शाखेच्या विषयाचा संगणकाशी संबंध काय, असे मला पुष्कळजण विचारतात, त्यांना मी ही हकीकत सांगते.

आणि आपण प्राथमिक शाळेत जी बेरीज शिकलो ती यंत्र कसे करते? क्ष आणि य हे दोन अंक घ्या. प्रत्येक ० किंवा १. हातचा म्हणजे क्ष × य. दोन्ही १ असतील तरच तो १ येतो. खाली मांडावयाचा अंक म्हणजे क्ष × (१ − य) + य × (१ − क्ष). दोहोंपैकी नेमका एक अंक १ असेल तरच तो १ येतो. आता क्ष आणि य दोन्ही १ घेऊन पाहा. खालचा अंक ०, हातचा १, लिहिले १०. दोनाच्या पायावर ते दोन होतात. एक अधिक एक बरोबर दोन! दोनांपैकी नेमके एक, असा अर्थ सांगणारी ही राशी बूल यांनी माणसाच्या विचारासाठी मांडली होती; तीच आज प्रत्येक संगणकाच्या पोटात बेरीज करते. हे मी प्रथम वहीवर करून पाहिले, त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आता या चरित्रातून मला काय दिसले ते सांगून लेख पुरा करते. एकलव्याप्रमाणे एकट्याच्या बळावर मोठा झालेला पुरुष, असे बूल यांचे वर्णन सर्वत्र केले जाते. ते मला अर्धेच खरे वाटते. लाक्रवाचा ग्रंथ गुरूविना वाचण्यात आपली जवळजवळ पाच वर्षे वाया गेली, असे खुद्द बूल यांना पुढे वाटू लागले होते. चांगला शिक्षक असता तर तेच काम पुष्कळ लवकर झाले असते. जेथे जेथे ते पुढे गेले, तेथे कोणीतरी माणूस उभा होता : दुर्बीण दाखविणारा बाप, लॅटिन शिकविणारा पुस्तकविक्रेता, ग्रंथ देणारे ब्रोमहेड, लेख सुधारणारे ग्रेगरी, शिफारस करणारे डी मॉर्गन. आणि बूल हे विसरले नाहीत. लिंकनमधील दुकानांत राबणाऱ्या तरुणांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून चाललेल्या चळवळीत ते सामील झाले, आणि मोकळ्या वेळेचा सदुपयोग या विषयावर त्यांनी १८४७ मध्ये त्या तरुणांपुढे भाषण केले. पुस्तक मिळाले तरी ते उघडण्यास वेळ हवा, हे सोळाव्या वर्षी नोकरी धरलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको होते.

आज पुस्तकांची अडचण पुष्कळ दूर झाली आहे. जगातील उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्याने फुकट मिळतात. परंतु ती इंग्रजीत असतात, भरभर जातात, आणि अडले तर मोबाईलमधील प्राध्यापक मागे वळून पाहत नाहीत. आपल्यापैकी कित्येकजण सकाळी तासाला बसतात आणि दुपारनंतर दुकानात, शेतावर किंवा शिकवण्यांवर जातात. त्यांच्यापाशी अभ्यासक्रम आहे, पण वेळ नाही आणि विचारण्यास माणूस नाही. बूल यांना जे लिंकनच्या त्या संस्थेत लाभले ते आपल्याला आपल्या महाविद्यालयात उभे करता येणार नाही काय?

माझी आपल्या प्राध्यापकांना नम्र विनंती आहे की, आठवड्यातून एक दिवस, शनिवारी तास संपल्यावर, ग्रंथालयातील एक टेबल आम्हांला द्यावे. आम्ही पाचसहा जण जमू. एकाच्या मोबाईलवर पाठ लावू, न समजलेले इंग्रजी वाक्य मराठीत करून घेऊ आणि समीकरणे वहीवर सोडवू. तर्कशास्त्राचे सर अधूनमधून डोकावले तर फारच उत्तम. नँड गेटपासून बेरीज करणाऱ्या जोडणीपर्यंतचा भाग माझा करून झाला आहे. तेवढा समजावून देण्यास मी तयार आहे. त्यापुढे स्मृती कशी बांधतात, हे प्रकरण येते. ते मात्र सर्वांनी मिळून वाचावे, अशी माझी इच्छा आहे.